पाचवे चाक आणि तरफेचा नियम

न्हावा शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघालेले लांबलचक ट्रेलर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. पुढच्या वेळी जरा वाकून पाहा. ट्रेलरला पुढची चाके नसतातच! त्याचे पुढचे टोक ट्रकच्या पाठीवरील एका जाड, ग्रीस लावलेल्या पोलादी तबकडीवर टेकलेले असते आणि ट्रेलरखालचा एक खुंटा तिच्या खाचेत अडकलेला असतो. या खुंट्याला किंगपिन म्हणतात आणि तबकडीला ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक. चार चाकांच्या घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक आडवे कडे बसवीत. हेच ते पाचवे चाक. घोडे गेले, नाव राहिले.

अमेरिकेत आणि कॅनडात याच जोडणीने चाकांवरची घरेसुद्धा ओढतात. विमानविद्येतील एक अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२०च्या दशकात अशा तऱ्हेची घरगाडी तयार केली होती. हल्लीच्या घरगाडीत झोपायची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर असे सारे असते आणि ती मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप ट्रकला जोडतात. नवी गाडी महाग, म्हणून अनेकजण वापरलेली घेतात. टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने अशीच एक गाडी हेरली आणि मला फोनवर विचारले, “मामा, माझा पिकअप सहा हजार किलो ओढतो, गाडी भरून पाच हजारांची आहे. मग अडचण काय?”

अडचण आपल्या बैलगाडीवाल्याला विचारा. दोनचाकी गाडी भरताना तो आसाच्या थोडे पुढे जास्त ओझे ठेवतो. मागे जास्त झाले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. पुढे फार झाले तर बैलांच्या मानेवर भार येतो. म्हणजे बैलांनी गाडी ओढायची ती ओढायचीच, शिवाय तिचा काही भाग उचलूनही धरायचा. ओढणे आणि उचलणे ही दोन निराळी कामे आहेत. भाच्याने हिशेब केला होता तो फक्त ओढण्याचा.

आता उचलण्याचा करू. (काटेकोर विद्यार्थी म्हणतील की वजन न्यूटनमध्ये सांगा. खरे आहे, पण वजनकाट्यावर किलोच असतात, म्हणून येथे तेच चालवू.) घरगाडीला बहुधा जवळजवळ बसवलेले दोन आस असतात. त्यांचा मध्य हा तरफेचा टेकू समजा. किंगपिन टेकूपासून ६ मीटर पुढे आणि गाडीचा गुरुत्वमध्य १.२ मीटर पुढे आहे असे धरू. आघूर्ण समान असले पाहिजेत, म्हणून

पिनवरचा भार × ६ = ५००० × १.२

म्हणजे पिनवर १००० किलो, एकूण वजनाच्या २० टक्के. प्रत्यक्षातही हे प्रमाण साधारणपणे १५ ते २५ टक्के असते.

पिकअपच्या दाराच्या चौकटीवर एक पाटी असते. माणसे आणि सामान मिळून किती वजन लादता येईल ते तिच्यावर लिहिलेले असते. भाच्याच्या पिकअपची मर्यादा १३०० किलो. घरातली चार माणसे २८० किलो, हौद्यातली जोडणी ७० किलो, उरले ९५०. पिनला हवेत १०००! ओढण्याची ताकद हजार किलोने शिल्लक, आणि तरीही मागचा आस, स्प्रिंगा व टायर यांच्यावर मर्यादेबाहेर भार. जाहिरातीत ओढण्याचा आकडा ठळक छापतात आणि हा दुसरा आकडा दाराआड राहतो, याचे मला नवल वाटत नाही.

विक्रेता कदाचित म्हणेल, “पत्रकात पिनचा भार ७०० किलोच दिला आहे.” तो रिकाम्या गाडीचा. पाण्याची टाकी, गॅसचे सिलिंडर, बॅटऱ्या, भांडीकुंडी यांनी हजार किलो सहज वाढतात. त्यातच सामानाचा मोठा कप्पा बहुधा पुढे, झोपायच्या खोलीखाली असतो. म्हणून गाडीच्या पाटीवरचे कमाल वजन घ्यावे आणि त्याच्या २० टक्के धरून चालावे. खात्री करायची तर वजनकाटा आहेच. आधी नुसता पिकअप तोला. मग गाडी जोडून फक्त पिकअपची चाके काट्यावर ठेवून तोला. दोहोंतील फरक हा पिनचा भार.

मग पाचव्या चाकाचा फायदा तरी कोणता? साधी घरगाडी पिकअपच्या मागे, बंपरपाशी गोळ्याला जोडतात. हा गोळा मागच्या आसाच्या १.५ मीटर मागे आणि पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर ३.७५ मीटर असले, तर गोळ्यावरच्या ५०० किलोंमुळे पुढच्या चाकांवरचा भार २०० किलोने कमी होतो आणि मागच्यांवर ७०० किलो वाढतो. ज्या चाकांनी वळायचे तीच हलकी! शिवाय गाडी वाऱ्याने डोलू लागली की गोळ्याला आडवे हिसके बसतात आणि ते पिकअपचे तोंड फिरवू पाहतात. किंगपिन मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असतो. त्यामुळे अशा हिसक्यांना तरफेचा हात जवळजवळ मिळतच नाही.

घरी करून पाहा. ३० सेंटिमीटरच्या पट्टीचे शून्याचे टोक एखाद्या नाजूक तराजूवर टेकवा आणि २०च्या खुणेखाली, तराजूच्याच उंचीवर, पेन्सिल आडवी ठेवा. नाण्यांची चळत १६वर ठेवली तर तिचा एक पंचमांश भार तराजूवर येईल. चळत २५वर न्या. भार कमी होत होत पट्टी ‘उलाळ’ झालेली दिसेल.

हिशेब जुळला, तरच वापरलेल्या गाडीची तपासणी करण्यात अर्थ. तिचा मोठा शत्रू पाणी. छताच्या सांध्यांमधला लुकण वाळून तडकतो, पाणी झिरपते आणि आतले लाकूड वर्षानुवर्षे गुपचूप कुजते. पाऊस पडून गेल्यावरच गाडी पाहायला जावे. कोपऱ्यांत अंगठ्याने दाबून पाहावे, जमिनीवर पाय रोवून चालावे. बाहेरच्या भिंतीला डोळा लावून तिच्या लांबीवर तिरपी नजर टाकावी; थर सुटून फुगवटा आला असेल तर प्रतिबिंबे वाकडी दिसतात. ओल्या लाकडाचा विद्युतरोध कमी होतो, या तत्त्वावर चालणारे छोटे ओलमापकही मिळते.

टायरांची नक्षी फसवी असते. या गाड्या महिनोन्‌महिने उन्हात उभ्या असतात. रबर झिजत नाही, पण म्हातारे होते. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ या अक्षरांनंतरच्या संकेताचे शेवटचे चार अंक पाहा. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा ३५वा आठवडा. पाच-सहा वर्षांनी टायर बदलावेत असा सर्वसाधारण सल्ला आहे. एकच कड झिजली असेल तर आस वाकल्याचा संशय घ्यावा. पिनच्या आसपासच्या जोडांत भेगा दिसल्या तर मात्र मी घासाघीससुद्धा करणार नाही.

आता तुमच्यासाठी एक गणित. भाच्याने सुचवले, “५००० किलोंच्या गाडीला मागे, आसमध्यापासून २.४ मीटरवर, १५० किलोची मोटारसायकल टांगू. मग पिनवर ९४० किलोच येतील!” त्याचा आकडा बरोबर आहे काय, ते काढा. गाडीच्या पाटीवर कमाल वजन ५००० किलो लिहिले आहे. त्याची सूचना मान्य कराल काय?