कानटोपीखालचं पुरळ

2022 च्या भाऊबीजेला धाकटी बहीण गोवंडीहून पनवेलजवळच्या कोनला माहेरी आली. तिचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होत आला होता. येतानाच त्याचं नाक वाहत होतं, डोळे लाल होते. सर्दी असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी ताप चढला, कानामागे आणि कपाळावर तांबूस पुरळ उठलं. रात्री धाप लागली, तशी रिक्षा केली आणि पनवेलमधल्या एका रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठली.

निघताना आजी म्हणाली होती, "गोवर आहे रे हा, तिथे सांग." मी सांगितलं नाही. 2020 मध्ये आमच्या कोनमध्येच, गिरणी कामगारांना सोडतीत मिळालेल्या घरांच्या इमारतींत, करोनाचं विलगीकरण केंद्र होतं. रात्री-अपरात्री येणाऱ्या अँब्युलन्स आम्ही पाहिल्या होत्या. पोराला आईपासून वेगळं करतील, ही धास्ती मनात होती. मी कानटोपी त्याच्या भुवयांपर्यंत ओढली आणि केसपेपरच्या खिडकीवर "ताप, खोकला" एवढंच म्हणालो.

दीड तास आम्ही बाकावर होतो. खिडक्या बंद, एसी चालू. शेजारी एक बाई जुलाबाने मलूल झालेलं आठ महिन्यांचं बाळ घेऊन बसली होती, आमच्याच बाजूच्या गावची. बोलता बोलता बाळाने भाच्याच्या टोपीचा गोंडा पकडला, तेव्हा आम्ही हसलो होतो. त्यांना औषध मिळालं, त्या गेल्या. मग डॉक्टरांनी भाच्याची टोपी काढली आणि पहिला प्रश्न विचारला, "बाहेर शेजारी कोण बसलं होतं?"

"लक्षात नाही," मी म्हणालो. लक्षात होतं.

भाच्याला 'अ' जीवनसत्त्वाचे डोस दिले, आठवड्याभरात तो सावरला. त्याची नवव्या महिन्याची लस लॉकडाउनमध्ये हुकली होती, ती राहूनच गेली होती. गोवंडीत त्याच दिवसांत गोवराची साथ पसरत होती, हे आम्हाला पुढे बातम्यांतून कळलं. पंधरा-सोळा दिवसांनी आशाताई घरोघर चौकशी करत आल्या. त्यांच्या बोलण्यातून समजलं, की त्या बाळाला गोवर होऊन न्यूमोनिया झाला, ते ऑक्सिजनवर आहे. बाळ वाचलं. पण तारखा जुळत होत्या.

गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. रुग्ण उठून गेला तरी खोली निर्धोक होत नाही. पुरळ उठण्याआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस लागण होऊ शकते. मात्र संपर्कानंतर 72 तासांच्या आत लस मिळाली, तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. साथीच्या काळात ती सहा महिन्यांच्या बाळालाही देतात. म्हणजे त्या बाळासाठी तीन दिवस हातात होते. ते माझ्या दोन शब्दांनी घालवले.

ही गोष्ट एकट्या गोवराची नाही. दक्षिण कोरियात 2015 मध्ये मर्स या श्वसनाच्या आजाराचा एकच रुग्ण गजबजलेल्या इमर्जन्सी विभागात राहिला आणि 80 हून अधिक जणांना लागण झाली. क्षयाचा खोकला, फ्लू, कांजिण्या, सगळे याच बाकांवर एकत्र येतात.

आजीच्या तरुणपणी गोवर निघालेल्या घराच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लावत. तो दिसला की लेकुरवाळ्या बाया उंबऱ्यावरूनच परतत. कॅज्युअल्टीच्या दाराला असा डहाळा नसतो, तिथे आपणच बोलावं लागतं. आत शिरण्याआधी एकाने पुढे जाऊन सिस्टरना सांगावं: ताप आणि पुरळ आहे, किंवा दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे. पेशंट तोवर रिक्षातच थांबू दे; मात्र श्वास लागला असेल तर थांबू नका, सांगत सांगतच आत न्या. मोठ्या माणसाला मास्क लावा, दोन वर्षांखालच्या मुलाला नको. बरोबर एकच जण, आणि घरातली तान्ही मुलं घरीच. वेगळं बसवलं तर घाबरू नका. बहिणीला मुलाजवळच राहू दिलं होतं, मी उगाच भ्यालो.

आणि शेजारी कोण होतं असं विचारलं, तर आठवेल ते सगळं सांगा. हिरवी साडी, मांडीवर बाळ, कोनच्या अलीकडचं गाव. एवढ्यावरून त्या रात्रीच्या केसपेपरांतून नाव सापडू शकतं.