पावसाचें पाणी आणि खर्चाची वांटणी



त्रैराशिकाचीं व प्रमाणाचीं उदाहरणें सोडवितांना, "हें गणित पुढें कोठें उपयोगीं पडणार?" असा प्रश्न तुमच्या मनांत पुष्कळदां येतो. आज त्याचें एक उत्तर पाहूं. विषय आपल्या रोजच्या पाहण्यांतला आहे. शहरांतील पावसाचें पाणी गोळा करून नदीस किंवा समुद्रास नेऊन सोडणारा मोठा नाला कोणाच्या पैशानें बांधावा? महानगरपालिकेच्या, म्हणजे सर्व करदात्यांच्या पैशानें, कीं नवीन वसाहती उभारून नफा मिळविणाऱ्या बिल्डरांच्या? वरवर पाहतां हा प्रश्न भांडणाचा दिसतो. परंतु त्याचा बराच भाग अंकगणिताचा आहे, आणि उरलेला न्यायबुद्धीचा.

प्रथम एक लहान माप घेऊं. समजा, एका वर्गाचें छप्पर २० मीटर लांब व १० मीटर रुंद आहे, आणि श्रावणांतील एका दुपारीं तासाभरांत ५० मिलिमीटर पाऊस पडला. छपराचें क्षेत्रफळ २०० चौरस मीटर; त्यावर पडलेलें पाणी १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. वीस लिटरांची एक बादली धरली, तर पांचशें बादल्या झाल्या! एवढें पाणी एका छपरावरून एका तासांत खालीं येतें. त्याच जागीं पूर्वीं गवताचें रान असतें, तर यांतील बराच भाग मातींत मुरला असता, कांहीं खळग्यांत सांठला असता, आणि उरलेला सावकाश वाहत ओढ्याला मिळाला असता. छपराला व डांबरी रस्त्याला मुरविणें ठाऊक नसतें. पडलेलें सारें पाणी तीं तात्काळ पुढें ढकलून देतात. म्हणून ज्यानें रान काढून इमारत बांधली, त्यानें पाऊस वाढविला नाहीं हें खरें; परंतु वाहून जाणारें पाणी मात्र वाढविलें.

आतां कोणी म्हणेल, प्रत्येकानें आपल्या आवारापुरतें चांगलें गटार बांधलें, म्हणजे झालें. पण आवारांतलें गटार पाणी नाहींसें करीत नाहीं; तें तें शेजाऱ्याच्या हद्दींत पोंचवितें. शेजारी तें आणखी खालच्या शेजाऱ्याकडे पाठवितो. पाणी सात-बाऱ्याचा उतारा पाहून वाहत नाहीं. तें उताराची जमीन पाहून वाहतें. ज्या सर्व भूभागाचें पाणी एका नाल्याला येऊन मिळतें, त्याला त्या नाल्याचा पाणलोट म्हणतात. पावसाच्या पाण्याचा विचार हा पाणलोटाचाच विचार असला पाहिजे, आणि म्हणूनच त्याचा खर्चहि सामाईक असतो.

वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्ख मनुष्याचा दृष्टांत तुम्ही रविवारच्या शाळेंत ऐकला आहे. त्या दृष्टांतांतील मनुष्याचें घर त्याच्या स्वतःच्या मूर्खपणामुळें पडलें. शहरांत मात्र याहून वाईट गोष्ट घडते. येथें एकाच्या अविचाराचें पाणी दुसऱ्याच्या घरांत शिरतें. आणि तो दुसरा बहुधा गरीब असतो, कारण सखल जागा स्वस्त असते.

मुंबईचें उदाहरण घ्या. तारीख २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशीं कुलाब्यास तो शंभर मिलिमीटरहि नव्हता. शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. एवढा पाऊस कोणत्याहि नाल्यांत मावला नसता, हें न्यायानें कबूल केलें पाहिजे. तथापि मुंबईच्या जुन्या वाहिन्यांचा हिशेब काय होता तो पाहा. त्या ताशीं २५ मिलिमीटर पावसासाठीं आंखलेल्या होत्या, आणि त्यांतलेंहि निम्मेंच पाणी वाहून येईल असें धरलें होतें. म्हणजे प्रत्यक्ष सोय ताशीं साडेबारा मिलिमीटरांची! सन १९९३ मध्यें तज्ज्ञांनीं अहवाल दिला कीं, यापुढें ताशीं ५० मिलिमीटर पाऊस धरावा, आणि तो सर्वच्या सर्व वाहून येईल असें मानावें. पाऊस दुप्पट व वाहण्याचें प्रमाण दुप्पट, मिळून वाहिन्यांची गरज चौपट झाली. या चौपटींतील एक दुप्पट आभाळाची आहे. दुसरी दुप्पट आपल्या कॉंक्रीटची आहे. शिवाय पाणी समुद्रांत सोडणारीं बहुतेक तोंडें भरतीच्या पातळीखालीं असल्यामुळें भरतीच्या वेळीं पाणी उपसून टाकण्यासाठीं पंपघरेंहि सुचविलीं होतीं.

त्या वेळीं या कामांचा अंदाज ६१६ कोटी रुपयांचा होता. पैसा कोणीं द्यावा, हें ठरत नव्हतें, कामें रेंगाळलीं. महापूर येऊन गेल्यावर घाई झाली, तेव्हां अंदाज सुमारें १,२०० कोटींवर गेला होता, आणि पुढेंहि तो चढतच राहिला. शेवटीं केंद्र सरकारनें मदत मंजूर केली; म्हणजे ज्यानें मुंबई कधीं पाहिलीहि नाहीं, अशा करदात्याच्या खिशांतूनहि त्याचा अंश गेला. दरम्यान पाणलोटांतील मोकळीं मैदानें, पाणथळ जागा व दलदली भरून निघाल्या. यांत केवळ खासगी बिल्डरच होते असें नाहीं. मिठी नदीच्या मुखाजवळची दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभारलें, तें सरकारी संस्थेनेंच. तेव्हां दोष देण्यापूर्वीं हिशेब मांडणें बरें.

तर तो हिशेब कसा मांडावा, हें एका कल्पित उदाहरणानें समजून घेऊं. वहींत आंकडे लिहून घ्या.

एका नाल्याचा पाणलोट ३६० हेक्टर आहे. त्यांत १८० हेक्टरांवर जुनें शहर, व उरलेल्या १८० हेक्टरांवर शेतें. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर १० घनमीटर पाणी होतें. म्हणून ताशीं ५० मिलिमीटरांनीं दर हेक्टरीं ताशीं ५०० घनमीटर पाणी पडतें. दाट वस्तींतून त्याचा दहांतील आठ हिस्से भाग वाहून येतो, आणि शेतांतून तीन हिस्से, असें धरूं. जुन्या शहराचें पाणी ताशीं ७२,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला २० घनमीटर. शेतांचें पाणी ताशीं २७,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला साडेसात. एकंदर साडेसत्तावीस. पण जुन्या नाल्यांतून सेकंदाला २० घनमीटरच पाणी जाऊं शकतें. म्हणजे नवीन वीट रचण्यापूर्वींच साडेसातांची तूट आहे.

आतां शेतांवर वसाहती झाल्या. त्यांचेंहि पाणी सेकंदाला २० घनमीटर झालें. एकूण ४० झालें. म्हणजे साडेबारांची भर पडली. (सर्व पाणी एकाच क्षणीं नाल्यांत येत नाहीं, म्हणून अभियंते याहून सूक्ष्म गणित करितात, आपल्या कामाला एवढें पुरे.) नाला ४० चा करावयाचा, तर २० घनमीटरांची ताकद वाढविली पाहिजे. समजा, तिला ८० कोटी रुपये लागतात. म्हणजे दर घनमीटरास ४ कोटी. यांपैकीं साडेसात घनमीटरांची जुनी तूट नगराची. तिचे ३० कोटी नगरानें द्यावे. साडेबारा घनमीटरांची नवी भर बिल्डरांची. तिचे ५० कोटी त्यांनीं द्यावे. ज्याची वसाहत ३६ हेक्टरांची, त्यानें अडीच घनमीटर वाढविले. त्याचा वांटा १० कोटी. पण त्यानेंच जर आवारांत तळें ठेवून आपली भर निम्म्यावर आणिली, तर वांटाहि ५ कोटींवर यावा. असा हिशेब ठेवला, म्हणजे तळें राखणें हें नुकसान न ठरतां फायद्याचें ठरतें.

या पद्धतीवर दोन्ही बाजूंचे आक्षेप येतात, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. जुने रहिवासी म्हणतात, "आम्ही वर्षानुवर्षें कर भरला, नवीन लोकांसाठीं आम्हीं कां भुर्दंड सोसावा?" त्यांना उत्तर असें कीं, नव्या भरीचा भुर्दंड तुम्हांवर नाहींच, पण तुमच्या छपरांचें पाणीहि त्याच नाल्यांतून जातें, आणि तुमची जुनी तूट ही तुमचीच. बिल्डर म्हणतात, "नगरानें नाला कधीं उपसला नाहीं, रुंद केला नाहीं, आतां आम्ही आल्याबरोबर सारें ओझें आमच्या माथीं!" त्यांचेंहि म्हणणें सारेंच चूक नाहीं. म्हणूनच जुनी तूट व नवी भर हीं निराळीं मोजलीं पाहिजेत. तीं एकत्र कालविलीं, कीं अन्याय सुरू होतो, मग तो कोणत्याहि बाजूनें होवो. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवा. बिल्डर आपला वांटा बहुधा घराच्या किंमतींत मिळवितो. म्हणून तो वाजवीपेक्षां अधिक लादला, तर तो शेवटीं नव्यानें संसार थाटणाऱ्या कारकुनाला किंवा शिक्षकाला भरावा लागतो.

हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. मुंबई इलाख्यांत सन १९१५ सालींच नगररचनेचा कायदा झाला. त्याप्रमाणें वेड्यावांकड्या जमिनी एकत्र घेऊन त्यांतून रस्ते व गटारें यांस जागा काढीत, उरलेल्या जमिनीचे नीट आंखलेले तुकडे मालकांस परत देत, आणि योजनेमुळें जमिनीची किंमत जेवढी वाढेल, तिच्या प्रमाणांत खर्चाचा वांटा मालकाकडून घेत. मात्र तो वाढीच्या निम्म्याहून अधिक नसे. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले या भागांत अशा योजना झाल्या. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यांतहि नगररचना योजनांस स्थान आहे, आणि गुजराथेंत तर त्या मोठ्या प्रमाणावर चालू राहिल्या. महाराष्ट्रांत १९९२ पासून बांधकामाच्या परवानगीच्या वेळीं विकास शुल्कहि घेतात. परंतु तें जमिनीच्या व बांधकामाच्या हिशेबानें आकारलें जातें. कोणीं किती पाणी वाढविलें, या हिशेबानें नव्हे. उणीव आहे ती येथें.

अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्स या शहरीं पाणलोटागणिक आराखडा करून, नवीन वसाहतींकडून दर एकरीं फी घेण्याची पद्धत आहे. आणि एखाद्या बिल्डरनें सामाईक वाहिनी स्वतः बांधली, तर तो खर्च त्याच्या फींत वळता करून देतात. तेथेंच ऑरिगन राज्यांतील टिगार्ड शहरानें एका दुकानदार बाईस दुकान वाढविण्याची परवानगी देतांना, ओढ्याकांठची जागा पाण्याच्या निचऱ्यासाठीं व पायवाटेसाठीं सोडण्याची अट घातली. तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सन १९९४ मध्यें न्यायालयानें ठरविलें कीं, अशी अट घालावयाची, तर ती त्या बांधकामामुळें पडणाऱ्या भाराच्या साधारण प्रमाणांत असली पाहिजे, आणि तसें दाखविण्याची जबाबदारी नगराची आहे. काटेकोर गणित नको. पण प्रमाण पाहिजेच. पाहा, तुमच्या पुस्तकांतील प्रमाणाचा धडा केवढ्या मोठ्या न्यायासनापुढें जाऊन उभा राहिला!

तथापि वांटणी बरोबर झाली, म्हणजे काम संपलें असें नाहीं. दोन गोष्टी आणखी लागतात. पहिली, वेळ. नाला घरांच्या आधीं लागतो, आणि घरांचा पैसा नाल्यानंतर येतो. म्हणून प्रथम नगरानें कर्ज काढून काम करावें व मागाहून वांटे वसूल करावे, अथवा पहिल्या बिल्डरनें मोठा नाला बांधावा व मागून येणाऱ्यांनीं त्याची भरपाई करावी. आणि ही रक्कम त्याच पाणलोटासाठीं निराळी राखून ठेवावी. ती दुसऱ्या कामांत गेली, तर पैसा देऊनहि पूर येणारच.

दुसरी गोष्ट, क्रम. नाला रुंद करावयाचा तो मुखापासून वर. वरचा भाग आधीं रुंद करून खालचा अरुंद ठेविला, तर वरच्यांचे पाय कोरडे राहतात आणि खालच्यांच्या घरांत तेंच पाणी अधिक वेगानें येऊन आदळतें. खर्चाच्या बैठकीस नगरपालिका असते, बिल्डर असतात, वकील असतात. नाल्याच्या तोंडाशीं राहणारी माणसें मात्र बहुधा नसतात. परंतु ज्या हिशेबांत त्यांचें नांव नाहीं, तो हिशेब बेरीज बरोबर असूनहि चूकच समजावा.

पालकांसहि एक विनंति आहे. नवीन घर पाहावयास जाल, तेव्हां स्वयंपाकघर व बाल्कनी पाहतांच, परंतु "येथलें पावसाचें पाणी कोठें जातें, आणि त्या नाल्यासाठीं आपण काय दिलें?" एवढेंहि बिल्डरला विचारा. हाच प्रश्न आपल्या नगरसेवकासहि विचारा. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, ही शिकवण आपणांस परिचित आहे. आपल्या शहरांनीं बुरूज पुष्कळ बांधले. त्यांच्या पायथ्याशीं वाहणाऱ्या पाण्याचा खर्च मांडावयाचा मात्र राहून गेला. तो तुमच्या पिढीनें मांडावा.

अभ्यासासाठीं दोन उदाहरणें देतों.

१. आपल्या घराच्या छपराचें क्षेत्रफळ मोजा, आणि ताशीं ५० मिलिमीटर पावसांत त्यावरून एका तासांत किती लिटर पाणी येईल तें काढा. मग पहिल्या पावसांत बाहेर उभे राहून तें पाणी कोणाच्या दारावरून जातें तें पाहा.

२. वरील पाणलोटांत एका बिल्डरनें ७२ हेक्टर शेतावर वसाहत केली. परंतु बागा व मैदानें राखून वाहण्याचें प्रमाण दहांत सहा हिश्श्यांवर ठेविलें. दर घनमीटरास ४ कोटी याच भावानें त्याचा वांटा किती? बागा न राखतां तें प्रमाण आठ हिश्श्यांवर गेलें असतें, तर तो किती झाला असता? या दोहोंतील अंतर म्हणजे त्याच्या बागांची किंमत होय.