भिंतीआडची बुरशी

कोकणात पावसाळ्यात हवा दमट असतेच. शिवाय जांभ्या दगडाची भिंत जमिनीतील ओल वर ओढून घेते. दर्शनी भाग कोरडा दिसतो, परंतु भिंतीला टेकवलेली कणगी किंवा पोत्यांची थप्पी यांच्यामागे वारा पोहोचत नाही व तेथे बुरशी धरते. कुबट वास ही तिची पहिली खूण होय. चुन्याचा हात दिल्याने डाग तेवढा झाकला जातो, ओल तशीच राहते. म्हणून थप्पी भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचावी. फुटकी कौले मृगापूर्वी बदलावीत आणि पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर न्यावे.

घरभेटीच्या वेळी ग्रामसेवकांनी पेंडीचे पोते प्रथम पाहावे. बुरसलेल्या भुईमूगपेंडीत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते. १९६० साली इंग्लंडमध्ये अशा पेंडीमुळे हजारो टर्की पक्षी दगावले, त्यानंतर ते उजेडात आले. उकळल्याने ते नाहीसे होत नाही. दुभत्या जनावराच्या पोटातून त्याचा अंश दुधात उतरतो. वरची बुरशी झटकून पेंड म्हशीला घालण्याची काटकसर अनेक घरांत चालते आणि त्याच म्हशीचे दूध मुलांना दिले जाते. अशी पेंड खोल खड्ड्यात पुरून टाकावी.