मामा, यातला कोणता?

खापा,
होळीनंतरचा पहिला रविवार

चि. चिमी,


तुझे तीन फोटो मिळाले. तीन कंपन्यांचे तीन कूलर आणि खाली एकच ओळ, "मामा, यातला कोणता?" एकावर बोट ठेवून मी मोकळा झालो असतो. पण पहिल्या पगारातून तू पहिली मोठी वस्तू घेऊन राहिलीस, आणि तुझा मामा पंचवीस उन्हाळे कूलरचा पत्रा वाकवून पोट भरतो आहे. म्हणून दुकानाला आज सुट्टी देऊन सविस्तर लिहायला बसलो.

आधी एक कबुली. मी पत्र्याचे कूलर बनवणारा माणूस. कंपनीचा कूलर कसा, हे मला विचारणं म्हणजे गुऱ्हाळवाल्याला साखर कशी विचारण्यासारखं. तेव्हा मी सांगेन ते ऐक, पण पारखूनही घे.

तुझे आजोबा हातमागावर बसत, ते तुला धूसर आठवत असेल. खाप्यात तेव्हा घरोघरी माग होते. चैत्र-वैशाखात सूत सारखं तुटे. मग आजोबा खिडकीला ओलं पोतं टांगत, मागाच्या खड्ड्याभोवती पाणी शिंपडत. "हवा तहानली की सूत खाते," असं म्हणत. सूत वाचवायला टांगलेल्या त्या पोत्यानं खोलीही थंड होई, आणि आम्ही पोरं दुपारी मागापाशीच लोळत पडायचो. चिमी, ज्या तहानलेल्या हवेनं आजोबांचं सूत तुटे, तिच्याच तहानेवर कूलर चालतो. लिटरभर कोमट पाणी चुलीवर उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळपास आठपट उष्णता तेच लिटरभर पाणी हवेत उडून जाताना ओढून घेतं. ती हवेतूनच ओढतं, म्हणून हवा थंड होते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ वर आणि हवा अगदी कोरडी, तेव्हा चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. तोच कूलर जुलैत, हवा पाण्यानं भरलेली असताना, नुसता ओला पंखा होतो. तेव्हा "कूलर बेकार निघाला" म्हणून दुकानदाराशी भांडू नकोस. दुसरं म्हणजे, कूलरला बाहेरची कोरडी हवा आत ओढायची असते आणि खोलीतली ओली हवा बाहेर घालवायची असते. तो खिडकीत बसव आणि समोरचं दार किंवा खिडकी फटभर उघडी ठेव. एसीसारखी खोली बंद करून आत कूलर लावणारे नागपुरात काही कमी नाहीत. तासाभरात त्यांच्या चादरी चिकट होतात आणि शिव्या कंपनीला बसतात.

आता कंपन्यांचं. सिंफनी १९८८ पासूनची, अहमदाबादची. बजाज, क्रॉम्प्टन, केनस्टार ही नावं तर तुझ्या तोंडपाठ आहेत. कंपनीच्या कूलरचं खरं बळ त्याच्या प्लास्टिकच्या अंगात आहे. ते गंजत नाही, वजनाला हलकं असतं, आणि विजेच्या बाबतीत पत्र्याहून बरं. माझ्या पत्र्याच्या कूलरचं बळ मोठ्या पंख्यात. वारा भरपूर, किंमत कमी, आणि बिघडला तर कोणत्याही चौकातला मिस्त्री तासाभरात मोटार बदलून देतो. पण दर दोन वर्षांनी टाकीला रंग मारला नाही, तर तळ गळायला लागतो. दोन्ही खपतात, कारण दोन्हींना आपापलं घर आहे. तू दुसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या खोलीत. उद्या बदली झाली तर उचलून नेणं आलं. त्यामुळे तुझ्यासाठी प्लास्टिकचा बरा, हे मी माझ्या धंद्याच्या विरोधात लिहितो आहे.

डब्यावरच्या मोठाल्या आकड्यांना भुलू नकोस. मे २०२४ च्या शेवटी नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवतं? देशभर बोंब झाली. मग हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडलं होतं. शहराचा खरा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा. वाऱ्याचा आकडाही तसाच, आधी आपल्या खोलीशी ताडून पाहावा. तुझी खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. म्हणजे साधारण ३४ घनमीटर. दर दोन मिनिटांना तेवढी हवा बदलायची तर ताशी हजार घनमीटर वारा पुरतो. वर तापलेली स्लॅब आहे म्हणून दीड हजार धर. चार हजारवाला घेशील तर रात्री त्याच्या आवाजानं झोप लागायची नाही आणि बादल्या भरता भरता हात दुखतील. मोठा कूलर भर उन्हात तासाला दहा लिटरपेक्षा जास्त पाणी पितो. तेव्हा टाकी किती लिटरची, आणि नळाची पाइप जोडून आपोआप भरणारा बॉलकॉक आहे का, हे आधी विचार. कूलरसाठी आयएस ३३१५ नावाचं भारतीय मानक आहे. माल त्या मानकाचा आहे का, तेही विचारायला लाजू नकोस.

ताट्या वाळ्याच्या, लाकडी गवताच्या की हनीकॉम्बच्या? वाळ्याचा वास मला आजही वेड लावतो, पण तो वास हंगामभर टिकत नाही. गवत स्वस्त, दर वर्षी बदलावं लागतं. हनीकॉम्ब काही उन्हाळे चालतो, पण बोअरच्या जड पाण्यानं त्याच्या भोकांत क्षार बसतो आणि वारा कोंडतो. तुझ्याकडे बोअरचंच पाणी आहे, म्हणून टाकीतलं उरलेलं पाणी अधूनमधून पूर्ण काढून टाक. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करून घासायचीच. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात.

आता जे सांगतो, ते कुणाला सांगितलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका घरी कूलर बसवून दिला. घरात अर्थिंग नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. थ्री-पिन प्लग भोकात बसेना, म्हणून अर्थचा तुकडा मी स्वतःच कापून टाकला. आठ दिवसांनी त्या घरची म्हातारी चालू कूलरमध्ये बादली ओतायला गेली. पत्र्यात करंट उतरला होता. ती दूर फेकली गेली म्हणून वाचली. मी भेटायला गेलो तर तिनंच मला पाणी दिलं, आणि ते माझ्या घशाखाली उतरेना. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. पेपरात चार ओळींची बातमी येते. त्या चार ओळींमागे कुठंतरी माझ्यासारखाच एक घाई झालेला मिस्त्री असतो.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मी आधी अर्थिंग विचारतो, मग माप. कितीही नावाजलेला कूलर आण, त्यातही पाणी आणि वीज एका पेटीत राहतात. पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढ. हात ओला, पाय अनवाणी असेल तर जवळ जाऊ नकोस. घरमालकाला सांगून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घे. करंट गळला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. मालक नाही म्हणाला तर खर्च मी देतो.

तू तीन फोटो पाठवलेस. तिन्हींत कूलर आहे, खिडकी एकाही फोटोत नाही. आता चौथा पाठव, तुझ्या खिडकीचा आणि तिच्या शेजारच्या प्लगचा. तो पाहिला की मग सांगतो, यातला कोणता.

आईला नमस्कार सांग. भर उन्हाचा नवतपा लागायच्या आत मी येऊन बसवून देतो.

तुझा,
मामा