मृदंगाच्या विद्यार्थ्याने आपली कसोटी आपणच घ्यावी

दिंडीत पन्नास-पन्नास टाळ वाजतात. त्यांत मृदंगाची चूक झाकून जाते. ऐकणारे भाविक, ते चांगलेच म्हणणार. म्हणून विद्यार्थ्याने लोकांच्या वाहवेवर आपला अभ्यास मोजू नये.

मग मोजावा कसा? पहाटे एकट्याने बसावे. धूमेला कणीक बेताची लावावी, गट्टे ठोकून शाईची पुडी स्वरास मिळवावी. बेसूर मृदंगावर हात फिरवूच नये. चौतालाच्या १२ मात्रा, ‘धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन’, आधी टाळी-खाली दाखवीत तोंडाने म्हणाव्या, मग हातांतून काढाव्या. ठाय, दुगुण, पुन्हा ठाय. परत येताना लय पहिलीच राहिली तर पाठ आला. वाढली तर आला नाही. तेथे स्वतःला सूट देऊ नये.

कोणी म्हणेल, देवाला भाव पुरतो, मात्रा कशाला मोजायच्या? बाबांनो, लय पळाली की मागच्या म्हाताऱ्या माळकऱ्याच्या तोंडचे अक्षर तुटते, नाम अर्धे राहते. ते पुरे व्हावे म्हणून ही मेहनत. चुकले म्हणून खचू नये, साधले म्हणून फुगू नये. उद्या तोच पाठ पुन्हा गुरूंपुढे ठेवावा.

रामकृष्णहरि.