खान्देशातून कुलाबा किल्ला: ओहोटीला जा, भरतीआधी या

अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला भरतीला बेट असतो, ओहोटीला मात्र तिथे चालत जाता येतं. तापी-गिरणेचा पूर एकदा ओसरला की आपण निर्धास्त होतो; समुद्र सहा तासांत परत भरतो. म्हणून हा क्रम मोडू नका.

१. दिनदर्शिकेत द्वितीया ते चतुर्थीमधला एक दिवस निवडा. पक्ष कुठलाही चालेल. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, तेव्हा ओहोटीलाही पाणी पुरतं हटत नाही. पावसाळ्यात तर नकोच.

२. ओहोटीची वेळ काढा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते; त्यात सहा तास मिळवा. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. हा अंदाज झाला. नक्की वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघाच.

३. आता तिकीट काढा, आदल्या संध्याकाळी अलिबागला पोचाल असं. जळगाव-भुसावळकरांनी रेल्वेने मुंबई गाठावी, गेटवेहून मांडव्याची बोट घ्यावी, पुढे बस. धुळेकरांना नाशिक, पनवेल, वडखळ असा रस्ता सोपा. रात्रीच्या गाडीने निघून थेट किनाऱ्यावर उतरू म्हणाल, तर गाडी लेट झाली की ओहोटी हुकली.

४. रात्रीच पिशवी भरा: पाणी, टोपी, मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी, आणि घरची कळण्याची भाकरी-ठेचा उरला असेल तर तोही.

५. मागे पट्टा असलेले सँडल घाला. साधी चप्पल ओल्या वाळूत रुतून बसते आणि अनवाणी पायाला कालवांची कवचं कापतात.

६. ओहोटीच्या तासभर आधी किनाऱ्यावर उभे राहा.

७. तिथल्या घोडागाडीवाल्याला विचारा, “दादा, परत कधीपर्यंत यायचं?” तो सांगेल ती वेळ तुमच्या हिशेबापेक्षा आधीची असेल, तर त्याचंच ऐका.

८. त्या वेळेच्या अर्धा तास आधीचा गजर लावा.

९. लोक जातात त्याच वाटेने चालायला लागा. घोट्याइतकं पाणी चालेल. गुडघ्याला लागलं तर थांबा, अजून ओसरू द्या. हिरवट खडकावर पाय ठेवू नका, शेवाळाने सटकन घसरतो.

१०. महादरवाजातून आत शिरा. वर मान करून कोरलेले प्राणी-पक्षी बघा, मगच पुढे जा.

११. सिद्धिविनायकाचं दर्शन घ्या. चतुर्थी निवडली असेल तर गर्दी धरूनच चाला. बाहेर आलात की पुष्करणीच्या काठी दोन मिनिटं टेका: चहूकडे खारं पाणी असताना इथलं गोडं, हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

१२. उत्तरेच्या तटावर चढा. चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा समुद्राकडे तोंड करून आहेत. खाली लाटा थेट तटाच्या दगडांवर आपटतात. फोटोसाठी कडेला जाऊ नका, कठडा सगळीकडे नाही.

१३. अर्धा तास हातात असेल तरच शेजारच्या सर्जेकोटाकडे वळा.

१४. गजर वाजला की निघा. उशीर झालाच आणि मधलं पाणी चढलेलं दिसलं, तर चालायचं धाडस करू नका. किल्ल्यातच थांबा, होडीची चौकशी करा, नाहीतर पुढच्या ओहोटीची वाट बघा. भाकरी आहेच.