रस्त्यांचे वर्ग आणि त्यांची जबाबदारी

पीक उत्तम आले तरी माल वेळेवर बाजारात पोहोचला नाही तर श्रम वाया जातात. दूध, टोमॅटो, पालेभाजी यांना तर एका दिवसाचा खोळंबाही सोसत नाही. रस्ता उखडला असता अर्ज कोठे करावा, हे तो कोणत्या वर्गातील आहे यावर अवलंबून असते. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज फिरत राहतो आणि हंगाम निघून जातो.

१९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने आखलेले वर्गीकरण आजही मूलतः कायम आहे. राष्ट्रीय महामार्गांची जबाबदारी केंद्र शासनाकडे असते. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्राममार्ग सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असल्यास राष्ट्रीय व हिरवा असल्यास राज्य महामार्ग समजावा. जुन्या क्रमांकांवर मात्र विसंबू नये. २०१० साली ते बदलले. पुणे-कोल्हापूर रस्त्याला जुनी मंडळी अद्याप चार नंबरचा म्हणतात, पण त्याचा क्रमांक आता ४८ आहे. रस्त्याखालून पाण्याची नळवाहिनी न्यावयाची असल्यास परवानगीही त्या त्या कचेरीचीच घ्यावी लागते.

द्रुतगती मार्गाची गोष्ट निराळी. साध्या महामार्गावर गावचा रस्ता येऊन मिळतो. द्रुतगती मार्गाला दुतर्फा कुंपण असते व ठराविक ठिकाणीच प्रवेश मिळतो. मुंबई-पुणे मार्गावर तसेच २०२५ साली पूर्ण झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकी, ट्रॅक्टर व बैलगाडी यांना मनाई आहे. असा मार्ग शिवारातून जाणार असल्यास अर्धे शेत पलीकडे राहिलेल्या शेतकऱ्याचा बैल, नांगर व ऊस कोणत्या भुयारी मार्गाने जाणार, त्याची उंची भरलेल्या गाडीस पुरेल काय, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नकाशावर आधीच पाहून घ्यावे व हरकत लेखी नोंदवावी. काम झाल्यावर ते बदलून घेणे फार कठीण जाते.

शेताकडे जाणारी पाणंद वरील वर्गांत सहसा येत नाही. ती कोणी अडविल्यास बांधकाम खात्याकडे न जाता मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागावी. हा अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.